शरदातील गडमुक्काम : हरिश्चंद्रगडावरची एक रात्र समजून घेताना

आश्विन लागला की सह्याद्रीचे रूप पालटते. चार महिने धुक्यात हरवलेले कडे एके सकाळी अचानक स्वच्छ दिसू लागतात, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते, पठारांवर सोनकीचा पिवळा गालिचा पसरतो आणि भातखाचरांतून पिकत्या लोंब्यांचा वास येऊ लागतो. आपल्या पूर्वजांनी आयुष्य मोजताना शंभर पावसाळे नव्हे, तर शंभर शरद ऋतू मागितले, यामागे या ऋतूचे हेच प्रसन्न रूप असावे. शहरांतून पाठीवर पिशव्या घेऊन निघणाऱ्या भटक्यांनाही हा काळ खुणावतो. पावसाळी भटकंतीतली निसरड नाही, उन्हाळ्यातली पाण्याची चणचण नाही आणि डिसेंबरची बोचरी थंडीही अजून दूर आहे. शनिवार-रविवारची जोडसुट्टी साधून एखाद्या गडावर तंबू ठोकावा, एक रात्र चांदण्यात काढावी आणि ताजेतवाने होऊन परतावे, एवढीच साधी योजना असते.

मात्र हा ऋतू जितका देखणा, तितकाच फसवा आहे. तो पावसाळ्याचा शेवट असतो आणि हिवाळ्याची सुरुवातही. त्यामुळे दोन्ही ऋतूंची जोखीम त्यात थोडीथोडी उरलेली असते. दुपारी डोक्यावर कडक ऊन, संध्याकाळी अवचित गडगडाट आणि पहाटे दातावर दात वाजवणारा गारवा, असे तिन्ही अनुभव चोवीस तासांत येऊ शकतात. यातले काय, कशामुळे आणि केव्हा घडते हे ठाऊक असले, तर शरदातला मुक्काम आनंदाचा होतो; नसले, तर साध्या सहलीचे संकटात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. हे सारे एका उदाहरणाने पाहू. त्यासाठी हरिश्चंद्रगडाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचा गड

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेला लागून आहे. गडाचे सर्वोच्च टोक असलेले तारामती शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,४२९ मीटर उंच आहे. माथा एकसलग सपाट नाही. टेकड्या, घळी, जंगलाचे पट्टे आणि मोकळी पठारे यांचा तो विस्तीर्ण पसारा आहे. मध्यभागी हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर, शेजारी पुष्करणी आणि लेणी, थोडे खाली केदारेश्वराची गुहा आणि पश्चिमेला सुप्रसिद्ध कोकणकडा, अशी इथली मुख्य ठिकाणे. केदारेश्वराच्या गुहेत भल्यामोठ्या शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी असते आणि भोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच अखंड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगे, ही त्यावरची लोकश्रद्धा. योगी चांगदेवांचे वास्तव्य या गडावर होते आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ त्यांनी येथेच रचला, असे मानले जाते.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले आणि गडाचा परिसर त्याचा भाग बनला. म्हणजेच येथे मुक्कामाला जाणारा प्रत्येक जण वन्यजीवांच्या घरी पाहुणा असतो. प्रवेशशुल्क, मुक्कामाची परवानगी, तंबू कोठे लावता येतील आणि जाळ करता येईल का, याविषयीचे वनखात्याचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी ते विचारून घेणे हे तयारीचे पहिले पाऊल.

पाऊस नेमका जातो केव्हा?

गणपती गेले की पाऊस गेला, असा आपला ढोबळ समज असतो. हवामानशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेतात ते वायव्य राजस्थानापासून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये या माघारीच्या सरासरी तारखांची फेरमांडणी केली. पूर्वी राजस्थानातून माघार सुरू होण्याची सरासरी तारीख १ सप्टेंबर मानली जाई, ती आता १७ सप्टेंबर धरली जाते. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. या सरासरी तारखा आहेत. प्रत्यक्षात काही वर्षी पाऊस ऑक्टोबरच्या उत्तरार्धातही रेंगाळतो. म्हणून सप्टेंबरअखेर आखलेली सहल ही शरदातली सहल नसून पावसाळ्यातलीच सहल आहे, असे समजून तयारी करावी. कोजागरीच्या आसपासचा काळ तुलनेने निवांत, आणि दिवाळीच्या आगेमागे हवा अधिक भरवशाची.

वारे माघार घेताना आणखी एक गोष्ट घडते. आकाश निरभ्र होते, पण जमीन अद्याप ओली असते. सूर्याचा ताप थेट जमिनीवर येतो, ओलावा वाफेच्या रूपाने हवेत चढतो आणि वारा मंदावलेला असल्याने तो वाहून जात नाही. हीच ती 'ऑक्टोबर हीट'. कोकणातून किंवा गडाच्या पायथ्यातून चढताना उकाडा असह्य होतो तो यामुळे. या चढाईत घाम भरपूर जातो आणि दमट हवेत तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. माणशी तीन ते चार लिटर पाणी आणि सोबत मीठ-साखर किंवा लिंबू असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

वाट कोणती घ्यावी?

गडावर येण्याच्या वाटा अनेक आहेत. राजूरमार्गे पाचनई गावातून येणारी वाट सर्वांत सोपी. दोन ते तीन तासांत माणूस मंदिरापाशी पोहोचतो. कुटुंबाने किंवा प्रथमच मुक्कामाला येणाऱ्यांनी हीच वाट धरावी. माळशेज घाटाजवळच्या खुबी फाट्यावरून खिरेश्वर गाठून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे आणि तिला पाच-सहा तास सहज लागतात. खिंडीनंतर एक कातळटप्पा चढून आल्यावर वाट माथ्यावरच्या एकामागून एक टेकड्या आणि दाट झाडीतून मंदिराकडे जाते. वाट चुकण्याचे प्रकार होतात ते मुख्यतः याच पट्ट्यात. टेकड्या एकसारख्या दिसतात, गुरांच्या पायवाटा मुख्य वाटेत मिसळतात आणि शरदात गवत कमरेएवढे वाढलेले असल्याने खुणा झाकल्या जातात. तिसरी, नळीची वाट, कोकणातल्या बेलपाड्यातून थेट कड्याच्या घळीतून चढते. ती केवळ अनुभवी आणि साधनसज्ज गिर्यारोहकांसाठी आहे. पावसानंतर घळीतले दगड सैल झालेले असतात, हेही लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोकणकड्यावरून दोराच्या साहाय्याने उतरणारा एक गट रात्रभर कड्यावर अडकून पडला होता. त्यांची सुटका होईपर्यंत अनेकांचे प्राण कंठाशी आले होते.

वाट कोणतीही असो, घड्याळाकडे लक्ष हवे. जूनच्या अखेरीस या भागात सूर्य सव्वासातनंतर मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो सव्वासहाच्या सुमारासच अस्ताला जातो आणि नंतर वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख होतो. उन्हाळी सहलींच्या सवयीने 'अजून उजेड आहे' असे म्हणत रेंगाळणाऱ्यांची फसगत इथेच होते. पायथ्याहून सकाळी लवकर निघून दुपारी बारा-एकपर्यंत मुक्कामाची जागा गाठणे हे सर्वांत शहाणपणाचे. याला काळोखाखेरीज आणखी एक कारण आहे.

दुपारनंतरचा गडगडाट

परतीच्या पावसाचे स्वरूप आषाढातल्या संततधारेसारखे नसते. सकाळी आकाश लख्ख असते. दुपारपर्यंत तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगाने वर चढते, थंड होते आणि उंच, मनोऱ्यासारखे काळे ढग तयार होतात. दुपारी तीन-चारनंतर विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा आणि तासाभराची जोरदार सर असा हा क्रम असतो. डोंगरमाथ्यावर उघड्यावर असलेल्या माणसाला यातला खरा धोका पावसाचा नसून विजेचा आहे.

वीज किती जवळ आली आहे, हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. प्रकाश डोळ्यांपर्यंत जवळजवळ तत्क्षणी येतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने प्रवास करतो. म्हणजे चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे हे कळते. हे अंतर तीस सेकंदांपेक्षा, म्हणजे दहा किलोमीटरपेक्षा कमी झाले की शिखर, कड्याची धार आणि मोकळे पठार लगेच सोडावे. एकाकी झाडाखाली थांबू नये. तंबू हा विजेपासून आसरा नव्हे. उलट त्याच्या धातूच्या काठ्या माथ्यावरचे उंच टोक ठरू शकतात. उथळ गुहेच्या तोंडाशी उभे राहणेही धोक्याचे, कारण कातळावरून वाहणारा विद्युतप्रवाह तोंडापाशी उडी घेऊ शकतो. आसरा घ्यायचाच असेल, तर गुहेत खोल, भिंतींपासून दूर, पायाखाली कोरडे अंथरूण किंवा पिशवी घेऊन बसावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच बाहेर पडावे.

रात्र इतकी गार कशी होते?

पायथ्याशी घामाने भिजलेला माणूस मध्यरात्री माथ्यावर कुडकुडतो, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. यामागे तीन कारणे आहेत. पहिले, उंची. हवा वर जाताना प्रसरण पावते आणि थंड होते. साधारणपणे दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी कमी होते. समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंचीवर आल्यावर नऊ-एक अंशांचा फरक केवळ उंचीमुळेच पडतो. दुसरे, निरभ्र आकाश. पावसाळ्यात ढगांची गोधडी जमिनीची उष्णता धरून ठेवते. ऑक्टोबरमध्ये ती गोधडी निघून जाते आणि रात्रभर जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहते. तिसरे कारण वारा. ओल्या कपड्यांवरून वारा वाहू लागला, की शरीराची उष्णता फार झपाट्याने जाते. कारण कोरड्या हवेच्या तुलनेत पाणी उष्णता पंचवीसपटींच्या आसपास जलद वाहून नेते.

यातूनच एक महत्त्वाचा नियम निघतो. पंधरा-सोळा अंशांचे तापमान कोरड्या माणसाला मुळीच घातक नाही. पण घामाने किंवा पावसाने भिजलेल्या, दमलेल्या, उपाशी माणसाला वाऱ्यात ते घातक ठरू शकते. शरीराचे तापमान घसरू लागले की आधी थरथर सुटते, मग बोलणे अडखळते, हातांतली कामे जमेनाशी होतात आणि माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो. थरथर थांबली, तर ते बरे वाटू लागल्याचे लक्षण मानू नये. ते अधिक गंभीर असू शकते. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालणे, वाऱ्यापासून आडोसा, चादरीत गुंडाळणे, शुद्धीवर असल्यास गोड गरम पेय देणे हे उपाय. मद्याने ऊब येते हा समज पूर्ण चुकीचा आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीर उष्णता अधिक वेगाने गमावते.

म्हणून पिशवीत काही नसले तरी चालेल, पण झोपण्यासाठीचा एक पूर्ण कोरडा जोड, लोकरीची टोपी आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत. ते केवळ रात्री, तंबूत शिरल्यावर घालावेत. सुती कपडा भिजला की वाळत नाही. चढताना तरी कृत्रिम धाग्याचा सदरा बरा.

तंबू कोठे आणि कसा?

शरदात सकाळी उठल्यावर तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकताना दिसते. तंबू गळतो आहे, अशी समजूत होते. प्रत्यक्षात ते आपलेच पाणी असते. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि घामावाटे किमान पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने सोडतो. बाहेर थंड झालेल्या कापडाला ही वाफ लागली की दवाचे थेंब तयार होतात. उपाय सोपा आहे : वरची झडप किंवा दाराचा थोडासा भाग उघडा ठेवावा. थोडा गारवा आत येईल, पण अंथरूण कोरडे राहील.

जागा निवडतानाही भौतिकशास्त्र उपयोगी पडते. थंड हवा जड असते आणि रात्री ती उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. म्हणून घळीच्या तळाशी किंवा खोलगट जागी तंबू टाकला, तर तो सर्वाधिक थंड आणि सर्वाधिक ओला होतो. दुसरीकडे, माथ्याच्या धारेवर वारा झोडपतो. या दोहोंच्या मधली, वाऱ्याला टेकडीचा आडोसा असलेली, किंचित उतरती जागा उत्तम. पावसाचे पाणी वाहून गेल्याच्या खुणा असलेली जागा टाळावी. परतीच्या पावसाची एक सर आली, तरी ती जागा पुन्हा ओढा होते. आणि कोकणकड्याच्या धारेपासून बरेच अंतर राखावे. रात्री झोपेतून उठून बाहेर पडणाऱ्याला दिशा कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तंबूत शेगडी, कोळसा किंवा स्टोव्ह पेटवणे हा सर्वांत जीवघेणा प्रमाद आहे. बंद जागेत अपुऱ्या ऑक्सिजनमुळे कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करतो. ऊब हवी असेल, तर गरम पाणी भरलेली धातूची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यावी. हा उपाय साधा आणि निर्धोक आहे.

पाणी आणि चूल

पावसाळ्यानंतर गडावर पाणी मुबलक असते आणि ते वरवर स्वच्छही दिसते. पण मुक्कामींची गर्दी आणि गुरांचा वावर लक्षात घेता ते उकळूनच प्यावे. चौदाशे मीटरवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. जंतू मारायला ते पुरेसे आहे. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवले की काम होते. मात्र डाळ शिजायला पायथ्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि इंधन अधिक जाते. म्हणून तूरडाळीऐवजी मूगडाळीची खिचडी, पोहे, उपमा असे लवकर होणारे पदार्थ न्यावेत.

टाक्यांत किंवा पुष्करणीत साबण लावून अंघोळ करणे, भांडी घासणे हे प्रकार अजूनही दिसतात. ज्या पाण्यात एक जण भांडी घासतो, तेच पाणी दुसरा जण पितो. भांडी पाण्यापासून दूर, घागरीने पाणी नेऊन घासावीत. शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर जाऊन, वीतभर खोल खड्डा करून तो बुजवावा. लेण्यांत चूल पेटवल्याने शतकांपूर्वी कोरलेल्या भिंतींवर काजळी चढते. ती पुसून जात नाही. गवत ऑक्टोबरअखेर पिवळे पडू लागते आणि एक ठिणगी पठारभर पसरू शकते. वनखात्याने परवानगी दिलेली नसेल, तर शेकोटीचा मोह पूर्ण टाळावा. गॅसची छोटी शेगडी पुरे होते.

कोकणकडा आणि इंद्रवज्र

गडाचा मुकुटमणी म्हणजे कोकणकडा. कित्येक कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. त्या थरांची झीज होऊन हा अर्धवर्तुळाकार, आत वळलेला, शेकडो मीटरचा कडा कोरला गेला. कोकणातून येणारा वारा या वाडग्यासारख्या भिंतीवर आदळून वर फेकला जातो आणि हलके पान खाली टाकले तर ते उलटे वर येते. कड्याच्या धारेवर उभे राहण्यात शौर्य नाही. पावसानंतर कडेचे दगड आणि माती सैल झालेली असते. पाहायचेच असेल, तर पोटावर झोपून, एका वेळी एकानेच, मागे सहकारी ठेवून पाहावे.

याच कड्यावरून 'इंद्रवज्र' दिसते. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपल्या १८३५ मधील प्रबंधात या परिसरातील वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. हे पारंपरिक इंद्रधनुष्य नव्हे. सूर्य आपल्या पाठीशी आणि समोर खाली धुक्याचा थर असला, की आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कंकण दिसते. धुक्यातले अतिसूक्ष्म थेंब प्रकाशकिरण जवळजवळ आलेल्याच दिशेने परत पाठवतात, आणि त्यांच्या विवर्तनातून हे रंग उमटतात. गंमत म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोघांना प्रत्येकी आपल्याच डोक्याभोवतीचे कंकण दिसते, दुसऱ्याचे नाही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सूर्य पाठीशी असतो तो केवळ सकाळी. शिवाय खाली धुके हवे आणि वर आकाश निरभ्र हवे. पावसाळ्यात वरचे आकाश मोकळे नसते, उन्हाळ्यात खाली धुके नसते. शरदात दोन्ही एकत्र येण्याची शक्यता असते. कोकणातली दमट हवा रात्री थंड होऊन दरीत धुके साचते आणि ऊन चढले की ते विरते. म्हणून सूर्योदयानंतर पहिले दोन-तीन तास कड्याजवळ, धारेपासून सुरक्षित अंतरावर, शांत बसून घालवावेत. दिसले तर भाग्य; न दिसले तर खाली पसरलेला ढगांचा समुद्रही कमी नाही.

रात्रीचे आकाश

शहरापासून दूरच्या या माथ्यावर शरदातली रात्र ही एक शाळाच आहे. संध्याकाळी अभिजित, श्रवण आणि हंस या तिघांचा त्रिकोण पश्चिमेकडे झुकत असतो. इंग्रजी 'एम' अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा उत्तरेला वर येते. तिच्याजवळ देवयानी तारकासमूहात, चंद्रप्रकाश नसलेल्या रात्री, एक अंधुक, ढगासारखा पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो एक संपूर्ण दीर्घिका असून आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्या रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश, माणसाची आजची जात पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी तिथून निघालेला असतो. कृत्तिकांचा पुंजका पूर्वेला लवकरच डोकावतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मृग उगवतो. पण हे सारे पाहायचे तर एक अट आहे. कोजागरीचे चांदणे की ताऱ्यांचा सडा, यांपैकी एकच मिळते. पौर्णिमेला गड चंदेरी दिसतो, अमावास्येच्या आसपास आकाश. तारीख ठरवताना पंचांग उघडावे.

पाहुण्यांचे सहचर

या दिवसांत सोनकी, तेरडा, कवला यांची फुले पठारे सजवतात. कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा सामुदायिक रीत्या फुलते आणि बी पडल्यावर मरते; तिच्या काठ्यांच्या कुडांनी आजही काही घरांच्या भिंती उभ्या आहेत. फुलांतून चालताना पायवाट सोडू नये. एकदा पायदळी गेलेली पठारावरची पातळ माती पुन्हा तयार व्हायला वर्षे लागतात.

फुरसे, घोणस यांसारखे विषारी साप या काळात सक्रिय असतात. दगड उचलताना, गवतात हात घालताना आणि रात्री बाहेर पडताना विजेरी अनिवार्य. सकाळी बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, दोरी घट्ट आवळणे टाळावे. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला शक्य तितक्या लवकर, न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि गोंगाट त्यांना खवळवतो. अशा वेळी पळापळ केली, तर दरीचा धोका वाढतो.

गावचे ऋण

या साऱ्या तयारीत एक बाजू हमखास विसरली जाते : पायथ्याची गावे. पाचनई, खिरेश्वर या भागांत प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. शरद हा त्यांच्यासाठी सहलीचा नव्हे, तर कापणीचा ऋतू. भात, नाचणी, वरई काढणीला आलेली असते आणि परतीच्या पावसाची एक सर हातातोंडाशी आलेला घास हिरावू शकते. त्याच दिवसांत शेकडो पाहुणे दारात उभे राहतात. पिठले-भाकरी, चहा, तंबू, वाटाड्या यांतून गावाला रोकड मिळते, हे खरे. ते उत्पन्न अनेक घरांना मोलाचे आहे. पण त्यासोबत खाचरांतून गेलेल्या गाड्या, रात्रीचा गोंगाट आणि रिकाम्या बाटल्याही गावाच्या वाट्याला येतात. म्हणून शक्यतो गावातूनच जेवण घ्यावे, वाटाड्या घ्यावा आणि त्याच्या मोबदल्यात घासाघीस करू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यावा. गडावर टाकलेला प्लास्टिकचा कागद शेवटी गावच्या गुरांच्या पोटात जातो किंवा पहिल्या पावसात त्यांच्याच ओढ्यात उतरतो.

आणखी एक गोष्ट गावातच करायची असते. माथ्यावर भ्रमणध्वनीची रेंज बेभरवशाची असते, त्यामुळे आपण किती जण आहोत, कोणत्या वाटेने जातो आणि दुसऱ्या दिवशी केव्हा उतरणार, हे गावात आणि घरी सांगून निघावे. ठरलेल्या वेळेनंतर काही तास गेले तर कुणी शोध सुरू करायचा, हेही आधीच ठरवावे. वाट चुकल्याची खात्री पटली, तर अंधारात पुढे जात राहू नये. एका जागी थांबावे, कोरडे कपडे घालावेत, आडोसा शोधावा आणि उजाडण्याची वाट पाहावी. काळोखात वाट शोधताना कड्यावरून पडण्याचा धोका, एक रात्र उपाशी काढण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा असतो.

शरदातला गडमुक्काम ही महागडी चैन नाही. दोन दिवस, थोडे सामान आणि पुरेशी माहिती एवढेच भांडवल लागते. ढग कसे तयार होतात, दव का पडते, हवा कुठे साचते, हे ठाऊक असलेल्या माणसाला डोंगर अधिक सुरक्षित तर होतोच, पण अधिक देखणाही होतो. कारण पहाटे अंगावरून गेलेला गार वारा त्याला नुसता वारा राहत नाही, त्यामागचे कारणही तो ओळखतो. सोबत नेलेले सारे सामान खाली आले, गेले तितके सगळे सुखरूप उतरले आणि आपण मुक्काम केल्याची खूण गडावर उरली नाही, तर तो मुक्काम खऱ्या अर्थाने साधला असे म्हणता येईल.